गेटवेचा बॅकअप आणि रिस्टोअर: प्रकल्प नोंदी

३ मार्च २०२५, सोमवार

गेल्या आठवड्यात एक गेटवे (आतलं नेटवर्क इंटरनेटला जोडणारा डबा) गेला. अडॅप्टर जळाला आणि जाता जाता आतला बोर्डही घेऊन गेला. नवा डबा कपाटात तयार होता, पण जुन्यावर काय काय सेटिंग होतं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. आठवून, जुने मेल चाळून, दीड दिवसात कसाबसा उभा केला. "बॅकअप होता ना?" असं साहेबांनी विचारलं तेव्हा "होता" म्हणालो, आणि ते खोटंही नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी गेटवेच्या वेब पानावरून उतरवलेली एक फाइल होती. ती टाकल्यावर अर्धा गेटवे परत आला, अर्धा आला नाही. राहिलेला अर्धा का आला नाही ते शोधून काढायचं आहे.

हाताशी एकाच मॉडेलचे सहा डबे आहेत. १ ते ५ कामावर, ६ नंबर राखीव. सगळ्यांवर ओपनडब्ल्यूआरटी २३.०५ (राउटरसाठीची लिनक्स सिस्टिम). मिप्स प्रोसेसर, १२८ एमबी रॅम, १६ एमबी फ्लॅश. काम सगळ्यांचं तेच: नॅट (सगळ्यांना एकाच बाहेरच्या पत्त्यावरून नेट देणं), फायरवॉल, डीएचसीपी (यंत्रांना आयपी पत्ते वाटणं) आणि मुख्य सर्व्हरकडे जाणारा वायरगार्डचा (व्हीपीएनचा) टनेल. वायफायही यांच्याच अंगावर आहे.

४ मार्च

ती जुनी फाइल उघडली. जेमतेम २० केबी. साधी टार (अनेक फाइलींचं एक गाठोडं), वरून जिप. आत ईटीसी फोल्डरमधलं कॉन्फिग, पासवर्डची शॅडो फाइल, एसएसएचच्या (दुरून लॉगिनच्या) किल्ल्या, क्रॉनची (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची) यादी. संपलं. बॅकअपमध्ये काय काय जाणार आहे याची यादी सिसअपग्रेड (ओपनडब्ल्यूआरटीचा बॅकअप आणि अपग्रेडचा प्रोग्रॅम) मागितली की लगेच देतो. मी आजवर कधी मागितलीच नव्हती.

हा बॅकअप फक्त सेटिंगचा आहे. सिस्टिम त्यात नाही, मागाहून बसवलेली पॅकेजंही नाहीत. म्हणूनच परवा वायरगार्डचा इंटरफेस कॉन्फिगमध्ये दिसत होता आणि त्याच्यापुढे प्रोटोकॉल ओळखता येत नाही असा शेरा होता. पॅकेज बसवायचं तर इंटरनेट हवं, आणि इंटरनेट हवं तर गेटवे हवा. घोडं तिथेच पेंड खात होतं.

लिंक तपासणारी आमची स्क्रिप्ट रूटच्या फोल्डरमध्ये असते. तीही आली नव्हती. क्रॉन मात्र आला होता आणि दर पाच मिनिटांनी नसलेल्या स्क्रिप्टला हाका मारत होता. सिसअपग्रेडच्या कॉन्फ फाइलमध्ये तिचा पत्ता लिहिला, आता पुढच्या बॅकअपमध्ये येईल. एका ओळीचं काम होतं.

पॅकेजांसाठी इमेज बिल्डर वापरायचं ठरवलं. आपल्याला लागतात ती पॅकेजं आधीच आत घालून एकच इमेज (फ्लॅशवर लिहायची तयार सिस्टिम) बनवायची, म्हणजे रिस्टोअर करताना नेटची वाट पाहायला नको. शिवाय बॅकअप घेताना बसवलेल्या पॅकेजांची यादीही त्यात घालण्याचा पर्याय सिसअपग्रेडमध्ये आहे, तो चालू केला.

६ मार्च

आज पूर्ण फ्लॅशची प्रत. विचार असा की फ्लॅश जशीच्या तशी उचलून ठेवली की सिस्टिम, सेटिंग, पॅकेजं सगळं आलं. डबे एकाच मॉडेलचे, तेव्हा १ नंबरची प्रत घेतली की सगळ्यांना पुरेल. (हे वाक्य मी मुद्दाम खोडत नाही. १२ तारखेची नोंद पाहावी.)

पहिला घोळ बेरजेचा झाला. एमटीडीच्या (फ्लॅशच्या भागांच्या) यादीत दिसतील ते सगळे भाग एकामागून एक उतरवले आणि बेरीज ४० एमबीच्या वर गेली. चिप तर १६ एमबीची! नंतर लक्षात आलं की यादीत पोटभागही वेगळे छापलेले असतात. 'फर्मवेअर' हा एक मोठा भाग, त्याच्याच पोटात 'कर्नल' आणि 'रूटएफएस', आणि रूटएफएसच्या पोटात 'रूटएफएस डेटा'. तेच सामान तीनदा मोजलं होतं. खरे भाग तीनच: यू-बूट (डबा सुरू करणारा बूटलोडर) १२८ केबी, फर्मवेअर, आणि शेवटी 'आर्ट' नावाचा ६४ केबीचा तुकडा. बाइटांत १,३१,०७२ अधिक १,६५,८०,६०८ अधिक ६५,५३६, म्हणजे १,६७,७७,२१६. बरोबर १६ एमबी. बेरीज जुळल्यावर बरं वाटलं.

दुसरा घोळ फाइल बाहेर काढताना. लॅपटॉपवरून एससीपी (एसएसएचवरून फाइल नेणारी आज्ञा) चालेना. पासवर्ड घेतो आणि एसएफटीपी सर्व्हर सापडत नाही म्हणून थांबतो. ओपनएसएसएचने ९.० पासून, म्हणजे २०२२ पासून, एससीपीला आतून एसएफटीपी वापरायला लावलं आहे, आणि गेटवेवरच्या ड्रॉपबेअर या छोट्या एसएसएच सर्व्हरकडे एसएफटीपी सर्व्हर नसतो. जुन्या पद्धतीने पाठव असं सांगणारा कॅपिटल ओचा पर्याय दिल्यावर गेलं. टीएमपी फोल्डर रॅममध्ये असतो हेही ध्यानात ठेवायला हवं. तिथे ठेवलेली प्रत रीबूटनंतर राहत नाही, आणि कामावरच्या गेटवेची रॅम १६ एमबीने भरणं बरं दिसत नाही. शेवटी डीडीचं (जशीच्या तशी प्रत काढणाऱ्या आज्ञेचं) आउटपुट एसएसएचमधून थेट लॅपटॉपवर ओतलं.

तिसरा घोळ अजून डोक्यात आहे. खात्री म्हणून प्रत दोनदा घेतली आणि एसएचए-२५६ (मजकुराचा ठसा, मजकूर जरा बदलला तरी वेगळा येतो) काढला. यू-बूट जुळला, आर्ट जुळला, फर्मवेअर जुळेना. तिसऱ्यांदा घेतला तर आकडा तिसराच. केबल, रॅम, फ्लॅश खराब, सगळ्या शंका घेऊन झाल्या. मग फर्मवेअरचे पोटभाग वेगवेगळे तपासले: कर्नल जुळतो, रूटएफएसमधला स्क्वॉशएफएसचा (फक्त वाचायचा) भाग जुळतो, फक्त रूटएफएस डेटा जुळत नाही. तो जेएफएफएस२चा थर, आपले सगळे बदल तिथेच लिहिले जातात. डबा चालू असताना त्यात लिहिणं चालूच असतं. आमची लिंक तपासणारी स्क्रिप्ट शेवटच्या वेळेची नोंद ईटीसीमध्ये करते, म्हणजे दर पाच मिनिटांनी एक लेखन. चालत्या माणसाची उंची मोजत होतो.

ती नोंद आता टीएमपीमध्ये हलवली. फ्लॅशलाही विनाकारण झीज नको.

१० मार्च

रिस्टोअरची पहिली तालीम, ६ नंबरवर.

सरळ मार्ग सरळ निघाला. नवी इमेज सेटिंग न राखता टाकली, वर बॅकअपची टार टाकली, रीबूट. ११ मिनिटांत टनेलसकट उभा. मग मुद्दाम वाट वाकडी केली: इमेज लिहिली जात असताना प्लग उपटला.

दिवा लुकलुकत राहिला. बूट नाही. फेलसेफमध्येही (दुरुस्तीपुरत्या किमान सुरुवातीत) जाईना, जाणार कसा, कर्नलच अर्धा होता. इथे टीएफटीपी (नेटवर्कवरून फाइल देणारी साधी पद्धत) कामी यायला हवं. आमच्या डब्याचा बूटलोडर रीसेट दाबून धरून चालू केला की स्वतः क्लायंट होतो आणि १९२.१६८.०.६६ या पत्त्यावर ठरलेल्या नावाची फाइल मागतो. लॅपटॉपला तो पत्ता दिला, टीएफटीपी सर्व्हर चालू केला, फाइलचं नाव अक्षर न् अक्षर तपासलं. काही नाही. सात वेळा प्रयत्न केले. काही नाही.

सहकारी म्हणाला, "सर, सिरियल लावून बघू या का?" लावायला हवं होतं. पण सिरियलच्या तारेसाठी (बूटलोडरचे संदेश तिच्यावरून दिसतात) बोर्डवर पिना बसवलेल्या नाहीत, सोल्डर करावं लागलं असतं, आणि संध्याकाळचे सहा वाजले होते. ड्रॉवरमध्ये सीएच३४१ए प्रोग्रॅमर (चिप थेट वाचणारा-लिहिणारा) आणि आठ पायांच्या चिपवर बसणारी क्लिप होती. तीच काढली. (या स्वस्त काळ्या प्रोग्रॅमरच्या डेटा लाइनवर ५ व्होल्ट येतात आणि चिप ३.३ व्होल्टची असते. आमच्याकडचा दुरुस्त केलेला आहे, तरी मीटर लावून पाहिलं.) क्लिप पहिल्यांदा नीट बसली नाही, चिपचा आयडी सगळा एफएफ येत होता. दुसऱ्यांदा बसली. चिप पुसली, १ नंबरची १६ एमबीची पूर्ण प्रत लिहिली, पडताळली, अडॅप्टर लावला.

उठला! वायफायसकट. १ नंबरचं नाव घेऊन उठला, पण उठला. त्या वेळी मी खुशीत होतो.

१२ मार्च

प्रशिक्षण हॉलसाठी चार दिवस एक जादा गेटवे हवा होता. ६ नंबर मोकळाच होता. नाव बदललं, आतला आयपी बदलला, बाहेरचा आयपी बदलला, नेऊन लावला. अर्ध्या तासात दोन ठिकाणांहून फोन. हॉलमध्ये नेट अर्धा मिनिट चालतं, अर्धा मिनिट बंद पडतं. आणि वरच्या मजल्यावर, जिथे १ नंबर आहे, तिथेही अगदी तसंच. १ नंबरला तर मी हातही लावला नव्हता.

केबल बदलली. स्विचचा पोर्ट बदलला. १ नंबर रीबूट केला, तर दोन मिनिटं हॉलमध्ये नेट एकदम छान चाललं आणि १ नंबर वर येताच पुन्हा तेच. इथे काहीतरी समजायला हवं होतं. नाही समजलं. दोन तासांनी मुख्य स्विचचा लॉग उघडला. तोच मॅक पत्ता (प्रत्येक यंत्राचा वेगळा असायला हवा तो) पोर्ट ३ वर, मग पोर्ट ११ वर, मग पुन्हा ३ वर. ओळींमागून ओळी. स्विच बिचारा टपाल्यासारखा दोन दारांत पळत होता.

६ नंबर उलटा करून तळाचं लेबल पाहिलं. लेबलवर एक मॅक, डबा सांगतो दुसरा. डब्याने सांगितलेला मॅक १ नंबरच्या लेबलवर छापलेला आहे. डोक्याला हात लावला.

तात्पुरता उपाय म्हणून कॉन्फिगमध्ये वेगळा मॅक दिला. नेट थांबायचं बंद झालं, टनेल मात्र अजूनही आलटून पालटून. कारण वायरगार्डची खाजगी किल्लीही १ नंबरचीच होती. सर्व्हरच्या लेखी किल्ली म्हणजेच ओळख. शेवटचं खरं पॅकेट ज्या पत्त्यावरून आलं तिकडे तो उत्तर पाठवतो. फिरत्या फोनसाठी ही सोय झकास आहे, पण एकाच किल्लीचे दोन धनी झाले की टनेल चेंडूसारखा इकडून तिकडे. ६ नंबरला नवी किल्ली काढली. एसएसएचच्या यजमान (डब्याची ओळख पटवणाऱ्या) किल्ल्याही पुसल्या, ड्रॉपबेअर पुढच्या सुरुवातीला नव्या करतो.

१३ मार्च

आर्ट म्हणजे काय ते काल रात्री शांतपणे वाचलं. आर्ट म्हणजे अथेरॉस रेडिओ टेस्ट. कारखान्यात प्रत्येक डब्याचा रेडिओ मोजून त्याचे आकडे या ६४ केबीमध्ये लिहितात: कोणत्या चॅनेलवर किती जोर लावला की प्रत्यक्ष किती पॉवर निघते, वगैरे. मॉडेल एक असलं तरी हे आकडे डब्यागणिक वेगळे. मॅक पत्तेही इथेच.

हेक्समध्ये उघडून पाहिलं. आमच्या डब्यात पहिले सहा बाइट म्हणजे इथरनेटचा मॅक, मग कितीतरी वेळ नुसतं एफएफ एफएफ, मग ४०९६व्या बाइटपासून गच्च भरलेला मजकूर. तोच रेडिओचा हिशोब. सबंध तुकड्यात खरा मजकूर दोनतीन केबीच असेल. इंटरनेटवर ओपनडब्ल्यूआरटीची इमेज कधीही परत मिळेल, हे दोन केबी जगात फक्त त्या एका चिपमध्ये असतात. ६ नंबरचे आता नाहीत. सोमवारी क्लिप लावली होती, चिपचा आयडी वाचला होता, पुसण्याआधी 'वाचा'चं बटण एकदा दाबलं असतं तर पाच मिनिटांत प्रत निघाली असती. अर्धवट इमेजमुळे बिघडला होता तो फर्मवेअरचा भाग. आर्ट तर शाबूत होता.

मॅक तरी नीट करायचा होता. कॉन्फिगमध्ये मॅक लिहून ठेवणं मला पटत नाही. तो बॅकअपच्या टारमध्ये जातो, आणि ती टार दुसऱ्या डब्यावर टाकली की पुन्हा जुळी भावंडं. म्हणून क्लिप लावली, (आधी वाचून, प्रत काढून!) पहिले सहा बाइट लेबलवरून भरले, परत लिहिलं, कॉन्फिगमधली ओळ काढली. वायफाय कायमचं बंद केलं. दुसऱ्याच्या आकड्यांवर रेडिओ चालतो, पण किती पॉवर फेकतो आणि फ्रीक्वेन्सी किती सरकते ते मला मोजता येत नाही, आणि न मोजता चालवायचा नाही. ६ नंबरवर टेप लावली: "फक्त वायर".

दुपारी १ ते ५ नंबरच्या सगळ्या डब्यांचे यू-बूट आणि आर्ट उतरवून घेतले. प्रत्येकी दोनदा, एसएचए जुळवून. डब्यामागे १९२ केबी. फाइलच्या नावात लेबलवरचा सिरियल नंबर.

पूर्ण १६ एमबीची प्रत यापुढे घ्यायची नाही. डब्यामागे तीन गोष्टी: त्याचा स्वतःचा यू-बूट आणि आर्ट, रोजची कॉन्फिग टार, आणि ती टार ज्या आवृत्तीवर घेतली त्याच आवृत्तीची आपली इमेज. शेवटचं मुद्दाम, कारण कॉन्फिगची भाषा आवृत्तीनुसार बदलते. १९.०७ वरून २१.०२ वर येताना ब्रिजचे पोर्ट लिहायची जागाच बदलली होती, आणि २२.०३ मध्ये फायरवॉल आयपीटेबल्स सोडून एनएफटेबल्सवर गेला. २ नंबरच्या बॅकअपमध्ये जुन्या आयपीटेबल्सच्या नियमांची एक फाइल अजून पडून आहे. ती कोणी वाचत नाही. तो नियम चालू आहे असं आम्ही धरून चाललो होतो.

(हे सगळं नॉर जातीच्या फ्लॅशचं. नॅंड असेल तर साधा डीडी चालत नाही, खराब ब्लॉक सांभाळणारी वेगळी हत्यारं लागतात. आमच्याकडे सध्या नाही.)

१७ मार्च

टीएफटीपी का चाललं नाही ते आज पाहिलं. क्लिपपर्यंत जायची वेळ ज्यामुळे आली ते सोडून देणं मनाला पटेना.

६ नंबर पुन्हा मुद्दाम पाडला. लॅपटॉपवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारा प्रोग्रॅम) लावून बसलो. रीसेट दाबून चालू केला. पहिल्या वेळी काहीच दिसलं नाही. दुसऱ्या वेळी एआरपी दिसला, १९२.१६८.०.६६ कोण आहे म्हणून विचारतोय, लॅपटॉपने उत्तर दिलं, आणि पाठोपाठ यूडीपी ६९ वर फाइलची मागणी. मागणी आली! सर्व्हरच्या लॉगमध्ये मात्र चिटपाखरू नाही. म्हणजे पॅकेट लॅपटॉपच्या नेटवर्क कार्डापर्यंत पोहोचतंय आणि लॅपटॉपची फायरवॉल ते गिळतेय. डंप फायरवॉलच्या अलीकडे बसतो म्हणून त्याला दिसतं, सर्व्हरला दिसत नाही. यूडीपी ६९ उघडला, झालं. गेटवेच्या फायरवॉलवर दिवसभर काम करणाऱ्याला स्वतःच्या लॅपटॉपची आठवली नाही.

पहिल्या वेळी काहीच का दिसलं नाही, तेही सापडलं. बूटलोडर फार तर दोनतीन सेकंद विचारतो. डबा बंद असताना लॅपटॉपची लिंक खाली असते. डबा चालू झाला की कार्ड जागं होऊन वेगाची बोलणी करतं, त्यात ती सेकंदं निघून जातात. मध्ये एक साधा स्विच ठेवला की लॅपटॉपची लिंक सतत वर राहते. स्विच ठेवल्यावर पाचपैकी पाच वेळा फाइल गेली. टीएफटीपीत दर ५१२ बाइटांमागे एक पोच येते. आमच्या ८ एमबीच्या इमेजचे साधारण १६ हजार तुकडे होतात, तरी काही सेकंदांत संपतं.

२० मार्च

रात्रीचा बॅकअप चालू केला. गेटवेने सर्व्हरकडे ढकलायचं की सर्व्हरने ओढायचं यावर थोडी चर्चा झाली. ओढायचं ठरवलं. गेटवे उद्या कोणाच्या हाती लागला तर त्याच्याकडे बॅकअपच्या सर्व्हरची किल्ली असू नये. टारमध्ये वायफायचा पासवर्ड उघडा असतो, वायरगार्डची खाजगी किल्ली उघडी असते, म्हणून उतरल्या उतरल्या जीपीजीने (कूटबद्ध करणाऱ्या प्रोग्रॅमने) बंद.

२१ मार्च

सहा फाइली आल्या. ६ नंबरची शून्य बाइटची. सर्व्हरकडे त्याची १२ तारखेआधीची एसएसएच ओळख होती, किल्ली बदललेली दिसल्यावर त्याने जोडणी नाकारली, आणि स्क्रिप्टने ते शून्य बाइट मनोभावे कुलूपबंद करून ठेवले. स्क्रिप्टमध्ये आता टारची यादी वाचून पाहायची आणि त्यात नेटवर्कची फाइल नसेल तर मेल करायचा.

२८ मार्च

शेवटची तालीम. मी हात लावायचा नाही, बोलायचं नाही. सहकाऱ्याने कागदावरून ३ नंबर ६ नंबरवर उभा करायचा. ३ नंबरचा प्लग मी सकाळी दहाला काढला.

सात मिनिटं तो नुसताच बसून होता. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "सर, पायऱ्यांचा कागद शेअर्ड ड्राइव्हवर आहे."

"मग?"

"ड्राइव्ह टनेलच्या पलीकडे आहे. टनेल ३ नंबरवर होता."

न बोलण्याचा नियम इथे मोडला. फोनच्या हॉटस्पॉटवरून कागद उतरवला. पुढे इमेज टीएफटीपीने गेली, स्विच मध्ये होता, पहिल्याच फटक्यात. मग टार उघडायला जीपीजीचं वाक्य (पासवर्ड) हवं होतं, आणि ते फक्त मला माहीत होतं. दुसऱ्यांदा तोंड उघडलं. दोन्ही खोळंबे धरून ३४ मिनिटं. टनेल वर, डीएचसीपी वर, स्क्रिप्ट जागेवर, मॅक ६ नंबरचा स्वतःचा. टेपवर लिहिल्याप्रमाणे वायफाय बंद, त्या खोलीत तेवढ्यापुरती वायर ओढली.

संध्याकाळपर्यंत: कागद छापून रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला. इमेज, सहाही डब्यांचे यू-बूट आणि पाच डब्यांचे आर्ट एका पेनड्राइव्हवर, तो छोट्या स्विचसोबत त्याच रॅकमध्ये. ६ नंबरच्या आर्टची फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये, नावात "रेडिओ १ नंबरचा" असं लिहून. जीपीजीचं वाक्य पाकिटात बंद करून साहेबांच्या कपाटात.

३ नंबर सोमवारी परत जागेवर लावायचा आहे.